पाय पहिल्या मात्रेवर

जॅझला मोठं केलं न्यूयॉर्कने, आणि डिस्को तर जन्मानेच न्यूयॉर्कचा. फंकचा नकाशा वेगळा आहे. सिनसिनाटी, डेटन, ओकलंड, न्यू ऑर्लिन्स: बंदरं, कारखाने, रेल्वेचे रूळ, मोटारींचे सुटे भाग घडवणारी गावं. यातल्या काही गावांची नावं तिथली माणसं बाहेर थोडी दबकतच सांगतात. भिवंडीच्या वाचकाला हे दबकणं समजवून सांगायला नको. मुंबईत नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर ‘ठाण्याच्या पुढे राहतो’ म्हणून वेळ मारून नेणारे आपल्याकडे कमी नाहीत.

यातलं डेटन नीट बघण्यासारखं आहे. ओहायो राज्यातलं हे गाव, राइट बंधूंचं. १९७० साली त्याची वस्ती अडीच लाखांच्या आत होती. दुकानातले पैसे मोजायची गल्लायंत्रं बनवणारी एनसीआर कंपनी इथली, फ्रिजिडेअरचे फ्रीज इथले आणि जनरल मोटर्सचे अनेक कारखानेही इथे. दक्षिणेकडून पोटासाठी आलेली काळी कुटुंबं गावाच्या पश्चिम भागात राहत, कारण बाकी गावात त्यांना घर मिळत नसे. पण पाळी संपल्यावर हातात नियमित पगार पडे आणि शाळांमध्ये बँड असत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम ही वाद्यं पोरांना शाळेतच हाताळायला मिळत. एवढ्या भांडवलावर त्या गावातून ओहायो प्लेयर्स, लेकसाइड आणि स्लेव्ह निघाले, शेजारच्या हॅमिल्टनमधून झॅप निघाला. ओहायो प्लेयर्सची ‘फायर’ आणि ‘लव्ह रोलरकोस्टर’ ही दोन गाणी अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. झॅपच्या रॉजर ट्राउटमनने तोंडात प्लास्टिकची नळी धरून वाद्याच्या सुरातून शब्द बोलवले. नुसत्या लोकसंख्येच्या हिशेबाने पाहिलं तर फंकमध्ये डेटनची बरोबरी करणारं गाव मला तरी दिसत नाही.

फंक म्हणजे काय, हे मात्र डेटनच्या आधी जेम्स ब्राउनकडे जाऊन समजून घ्यावं लागतं. जन्म १९३३, दक्षिण कॅरोलायनातला. आशा भोसले यांचंही जन्मवर्ष हेच, आणि या दोन नावांची गाठ पुढे पडणार आहे. ब्राउनच्या आधीच्या काळ्या नाचगाण्यांत चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी मात्रा ठासून वाजे. टाळी तिथेच पडे. १९६५ मधल्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’पासून आणि त्याहून स्पष्टपणे १९६७ मधल्या ‘कोल्ड स्वेट’पासून ब्राउनने सगळा भार पहिल्या मात्रेवर आणून ठेवला. त्याच्या वादकांत हिला नुसतं ‘द वन’ म्हणत. आपला तबलजी समेवर येतो, तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे समेला पोहोचेपर्यंत लांबचा प्रवास चालतो. ब्राउनची सम दर चार मात्रांनी दारात उभी.

दुसरा बदल याहून मोठा होता. ब्राउनने सूर जवळजवळ थांबवला. ‘कोल्ड स्वेट’मध्ये गाणं बराच वेळ एकाच स्वरसंगतीवर उभं असतं, पुढे कुठेही जात नाही. मग ऐकायचं काय? तर प्रत्येक वाद्य ड्रम झालेलं ऐकायचं. गिटारवाला सूर छेडत नाही, तारा अर्धवट दाबून ‘चिक-चिक’ असा कोरडा आवाज काढतो. ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले एक तुकडा फेकून गप्प बसतात. बेसवाला दोन ठोके देतो आणि तिसऱ्याची जागा मोकळी सोडतो. प्रत्येकाचा तुकडा लहान असतो, एकटा ऐकला तर निरर्थकही वाटेल, पण एकाच्या मोकळ्या जागेत दुसऱ्याचा ठोका बरोबर बसतो. ढोल-ताशाच्या पथकात ढोल मोजके, जड ठोके देतो आणि ताशा मधल्या सगळ्या फटी भरून काढतो. ज्याने हे जवळून ऐकलं आहे त्याला फंकच्या ड्रमसेटमध्ये पायाचा मोठा ड्रम आणि हातातला लहान ड्रम यांची वाटणी वेगळी शिकवावी लागत नाही.

क्लाइड स्टबलफील्ड हा ब्राउनचा ड्रमर. टेनेसीतल्या चॅटनूगाचा. लहानपणी आसपासच्या कारखान्यांच्या आणि आगगाड्यांच्या लयीने आपला कान तयार केला, असं तो सांगत असे. भिवंडीत यंत्रमागांच्या आवाजात वाढलेल्या शांतीनगर-गैबीनगरकडच्या कुणालाही हे पटेल. साधा धोट्याचा माग मिनिटाला शंभर ते दीडशेच्या आसपास धोटा फेकतो, आणि फंकची पुष्कळ गाणी नेमकी याच वेगाच्या टापूत आहेत. इथवर गंमत आहे. पण यंत्रमागाच्या खडखडाटातून संगीत जन्मतं असं जे भाबडेपणाने लिहिलं जातं, ते मला मान्य नाही. माग न चुकता एकसारखा वाजतो. फंकमध्ये दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित ओढलेलं, किंचित ढिलं असतं, कमरेत हलतं. शिवाय मागाच्या कारखान्यात बारा तास काढलेल्या माणसाच्या कानाचं काय होतं, हे त्याच्या घरच्यांना विचारावं, म्हणजे त्या आवाजाबद्दलचा कवित्वाचा पुळका ओसरतो. कारखान्याने फंकला लय दिली की नाही हे सांगता येत नाही. पगार, गर्दी आणि पाळी सुटल्यावर नाचायची भूक मात्र नक्की दिली.

२० नोव्हेंबर १९६९ ला सिनसिनाटीतल्या किंग स्टुडिओत स्टबलफील्डने ‘फंकी ड्रमर’ वाजवलं. गाण्याच्या शेवटाकडे बाकीची वाद्यं थांबतात आणि काही सेकंद तो एकटा वाजवतो. पुढे १९८० च्या दशकात हिप-हॉपवाल्यांनी हाच तुकडा उचलून शेकडो गाण्यांच्या तळाशी ठेवला. जगातल्या सर्वाधिक वापरलेल्या ड्रमच्या तुकड्यांपैकी तो एक आहे. गाण्यावर नाव जेम्स ब्राउनचं होतं, त्यामुळे त्या उसनवारीचे हक्काचे पैसे स्टबलफील्डला मिळाले नाहीत. २०१७ मध्ये तो वारला.

फंकमध्ये नायक नसतो, असं संगीताचे जाणकार सांगतात. खरं आहे. पण मालक असतो. ब्राउन चुकीच्या सुरासाठी दंड करी, बुटाला पॉलिश नसलं तरी दंड करी, आणि हे सगळं भर कार्यक्रमात नाचता नाचता बोटांच्या खुणेने चाले. १९७० च्या मार्चमध्ये पैशांवरून वादकांचा आणि त्याचा वाद पेटला. ब्राउनने सिनसिनाटीची पोरं विमानाने बोलावून त्यांना जागेवर उभं केलं. आपल्याकडच्या भाषेत, बदली कामगार. त्यातला बेसवाला बूट्सी कॉलिन्स तेव्हा अठरा वर्षांचा होता. पहिली मात्रा धर, बाकी काय वाजवायचं ते वाजव, एवढाच धडा त्याने ब्राउनकडून घेतला आणि वर्षभराच्या आत दंडाच्या त्या कारखान्यातून बाहेर पडला.

बूट्सी पुढे जॉर्ज क्लिंटनकडे गेला. क्लिंटन न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डमध्ये केस कापण्याचं दुकान चालवायचा. पार्लमेंट आणि फंकाडेलिक अशा दोन नावांनी त्याने एकच प्रचंड तांडा उभा केला. १९७५ च्या ‘मदरशिप कनेक्शन’ या तबकडीनंतर त्याच्या कार्यक्रमात रंगमंचावर दिव्यांनी लखलखणारं अवकाशयान खाली उतरू लागलं. आपल्या गणेशोत्सवातल्या चलत्‌देखाव्याची आठवण व्हावी असा तो थाट होता. त्या यानाची प्रतिकृती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

स्लाय अँड द फॅमिली स्टोन हा सॅन फ्रान्सिस्कोचा बँड. काळे-गोरे, बाई-पुरुष एकत्र घेऊन वाजवणारा तो बहुधा पहिला मोठा बँड. त्याचा बेसवाला लॅरी ग्रॅहम आधी आईबरोबर कार्यक्रम करायचा आणि त्यांच्याकडे ड्रमर नव्हता. म्हणून तो बेसची जाड तार अंगठ्याने ठोकू लागला आणि बारीक तार बोटाने ओढून सोडू लागला: ठोका मोठ्या ड्रमचा, फटका लहान ड्रमचा. अडचणीतून निघालेली ही युक्ती आज जगभरच्या बेसवाल्यांना शिकवतात. नायजेरियाचा फेला कुटी १९६९ मध्ये अमेरिकेत जाऊन आला आणि त्याने लागोसमध्ये स्वतःचं वेगळं फंक उभं केलं. स्टीव्ही वंडर, हर्बी हॅनकॉक, अर्थ विंड अँड फायर, प्रिन्स या प्रत्येकावर स्वतंत्र प्रकरण होईल. इथे मला एका रात्रीबद्दल सांगायचं आहे.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि अमेरिकेची शहरं पेटली. दुसऱ्या दिवशी बॉस्टनमध्ये जेम्स ब्राउनचा कार्यक्रम ठरलेला होता. रद्द केला तर लोक रस्त्यावर, केला तर हजारोंची गर्दी एका जागी. महापौर केव्हिन व्हाइट यांनी तो कार्यक्रम दूरचित्रवाणीवर थेट दाखवायची व्यवस्था केली. लोक घरात बसले. मंचावर चढलेल्या पोरांना पोलिसांनी ढकलायला सुरुवात केली तेव्हा ब्राउनने पोलिसांना थांबवलं आणि पोरांना स्वतः समजावून खाली उतरवलं. त्या रात्री बॉस्टन शांत राहिलं.

भिवंडीत वाजंत्री आणि शांतता हा हलक्याने घ्यायचा विषय नाही. मे १९७० मधली दंगल शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ मध्ये गाव पुन्हा जळालं. आणि डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी मात्र शांत राहिली, कारण पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्याआधीच गल्लोगल्ली मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. आपल्याकडे हे काम कुणा गायकाने केलं नाही, कारकुनी चिकाटीने झालं. पण मिरवणुकीचा मार्ग, थांबायची जागा, वाजवायचं कुठे आणि बंद ठेवायचं कुठे, हे इथल्या वाजवणाऱ्या पोरांना आजही आधी पाठ करावं लागतं. ढोलावर थाप मारण्याआधी नकाशा शिकावा लागणारं हे गाव आहे.

आता मुंबई. फंक इथे आला तो परदेशी तबकड्यांतून आणि हॉटेलांत वाजवणाऱ्या बँडांतून, आणि थेट शिरला तो सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये. गोव्याचे ख्रिस्ती वादक, पारशी वादक आणि मराठी तालवादक एका खोलीत बसत होते, हे त्याचं कारण. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात तालाची बाजू मारुतीराव कीर सांभाळत. अमृतराव काटकर रेसो-रेसो घासत, बेसवर टोनी वाझ, ड्रमवर फ्रँको वाझ, आणि केर्सी लॉर्ड काय वाजवत नसत हेच सांगणं सोपं. १९७२ च्या ‘अपना देश’मधलं ‘दुनिया में लोगों को’ ऐका. सूर बाजूला ठेवून नुसता श्वास, हुंकार आणि ठोके यांवर गाणं चालवायची ब्राउनची रीत तिथे पूर्ण मुंबईकर झालेली आहे. याच मुंबईत जन्मलेली आशा पुथली अमेरिकेत जाऊन ऑर्नेट कोलमनसारख्या जॅझच्या बंडखोराबरोबर गायली आणि १९७६ मधलं तिचं ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या नाचघरांत वाजत राहिलं. आणि १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या तालयंत्राच्या साथीने सिंथेसायझरवर दहा राग वाजवले. त्या तबकडीकडे तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चक्रावून गेले.

आता ती गाठ. कल्याणजी-आनंदजी यांनी १९७२ च्या ‘अपराध’साठी आणि १९७८ च्या ‘डॉन’साठी केलेली दोन गाणी आशा भोसले यांनी गायली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक आइड पीज या गटाने त्या दोन्हींमधले तुकडे घेऊन ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ केलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. जेम्स ब्राउनच्या वारसांच्या नाचगाण्यात सांगलीत जन्मलेल्या बाईंचा आवाज असा शिरला. पण त्या काळच्या चित्रपटांच्या तबकड्यांवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावं असत, वादकांची नसत. ग्रॅमीपर्यंत गेलेला तो ठेका ज्या हातांनी वाजवला ते हात वेष्टणावर कुठेच नाहीत. स्टबलफील्डची गोष्टच मुंबईत पुन्हा घडली, फक्त इथे कुणी तक्रारही केली नाही.

भिवंडीचं नाव फंकच्या कुठल्याही इतिहासात सापडत नाही. तरीही कामतघर, नारपोली, काल्हेर, राहनाळ, दापोडे, अंजूर या बाजूला हळदीच्या रात्री जाऊन उभं राहावं. आगरी लग्नात पूर्वी धवलारीण धवले गाई आणि लग्न लावण्याचा मान तिचाच असे. तिला ध्वनिक्षेपक लागत नसे. पुढे बँडवाले आले, मग बेंजो पार्टी. हा बेंजो अमेरिकेतला नव्हे. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता याने टाइपरायटरच्या कळांची कल्पना तंतुवाद्यावर बसवून ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, आणि कोकणपट्टीत बेंजो. मुंबई-ठाण्याच्या पोरांनी त्याला पिकअप लावून वीज जोडली, आवाज भोंग्यातून बाहेर काढला, आणि घरात बसून वाजवायच्या मवाळ वाद्याला भर रस्त्यात ताशाशी झुंजायला लावलं. १९८५ मध्ये रोलँडने ऑक्टापॅड काढला. आठ रबरी चौकोन, काठी मारली की हवा तो आवाज. आपल्या पोरांनी त्याला ऑक्टोपॅड म्हणत पार्टीत घेतलं. म्हणजे आपली सगळ्यात गावरान वाटणारी नाचगाणी ज्या दोन वाद्यांवर चालतात, ती दोन्ही जपानी. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये या दुनियेवर ‘बेंजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, पण त्यातली चकचकीत मुंबई मला पटली नाही.

बेंजो पार्टीला मी फंक म्हणणार नाही. कोळीगीताचा आणि आगरी गाण्याचा ठेका बहुधा सहाच्या हेलकाव्यात चालतो, होडी डोलावी तसा, आणि फंक चाराच्या चौकटीत बारीक सोळा घरं पाडून खेळतं. पाय वेगळे पडतात. पण बांधणी तीच आहे. सूर एकाच वळणावर फिरत राहतो, ढोल जागा सोडतो, ताशा ती भरतो, ऑक्टोपॅड मधेच एक तुकडा फेकतो, आणि गाणं संपवायचं की नाही हे वाजवणारा ठरवत नाही, नाचणारा ठरवतो. जॅझमध्ये श्रोता खुर्चीत बसलेला असतो. इथे खुर्च्या उचलून भिंतीला लावलेल्या असतात.

पैशाची गोष्टही जुळते. डेटनमध्ये बँड पोसले कारखान्याच्या पगाराने. १९७० च्या दशकातच एनसीआरच्या यांत्रिक गल्ल्यांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली आणि हजारो नोकऱ्या गेल्या. डिसेंबर २००८ मध्ये गावाशेजारचा जनरल मोटर्सचा मोरेनचा कारखाना बंद झाला. त्याच जागेत पुढे चिनी कंपनीने काचेचा कारखाना काढला आणि त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. बँड त्याआधीच पांगले होते. दहा माणसांचा ताफा पोसण्यापेक्षा एक तालयंत्र स्वस्त पडू लागलं होतं. भिवंडीत माग भंगारात निघत आहेत आणि गोदामं वाढत आहेत. जमिनीचा मोबदला आणि गोदामांचं भाडं आलं तशा हळदी मोठ्या झाल्या, आणि हळदी मोठ्या झाल्या तशी बेंजोच्या जागी डीजेची भिंत उभी राहू लागली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम दोघांनाही सारखाच. पण डीजेला एक माणूस पुरतो, पार्टीला पंधरा-वीस लागतात. या पंधरा-वीस पोरांची कमाई मोसमी असते. लग्नसराई, गणपती, नवरात्र, आणि बाकीचे महिने गोदामात माल चढवणं-उतरवणं.

यूट्यूबवर आगरी-कोळी गाण्यांची आणि हळदीच्या चित्रफितींची रीघ लागलेली असते. खाली गायकाचं नाव असतं, गीतकाराचं असतं, चित्रीकरण करणाऱ्या स्टुडिओचं तर मोठ्या अक्षरांत असतं. ताशा कोणी वाजवला, ते नसतं. तुमच्या घरच्या हळदीची चित्रफीत चढवाल तेव्हा पार्टीच्या म्होरक्याला बाजूला घ्या आणि ढोल, ताशा, बेंजो, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव विचारून खाली लिहा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि स्टबलफील्डच्या बाबतीत ते वेळेवर कुणी केलं नव्हतं.